रुमाल काढ आधी

"बाय, तो तोंडावरचा रुमाल काढ आधी. ऐकू येत नाय!"

हर्णै बंदर, संध्याकाळचा मासळीचा लिलाव, होड्यांच्या इंजिनांची धडधड. तीनदा विचारून झालं होतं, बांगड्यांचा वाटा कितीला? रुमाल खाली ओढला, आवाज होता तेवढाच. मासळीवाल्या मावशींना लगेच कळलं. (घासाघीस मात्र तरीही ऐकू आली नाही!)

घरी येईपर्यंत तेच डोक्यात, ओठ दिसले की ऐकू येतं. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये याच्याही पुढचं दाखवलं होतं. आवाज 'बा'चा, पडद्यावरचे ओठ 'गा'चे, आणि बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू आलं चक्क 'दा'! डोळे मिटले की पुन्हा 'बा'.

मावशी बर्फात हात घालूनही गिऱ्हाइकाच्या ओठांकडेच बघत होत्या. फोनवर कसं जमवत असतील?