रेशन कार्डावर तीन नावे चढवताना: माझा अनुभव

कोल्हापुरात लहान मुलांच्या घरात भाजी, दूध, डाळ यांचा मेळ काटकसरीने घालता येतो, परंतु हा मेळ ज्या गहू-तांदळावर उभा असतो ते धान्य हक्काचे असूनही आम्हाला पूर्ण मिळत नव्हते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाच्या, म्हणजे या धान्यासाठी पात्र ठरवलेल्या कुटुंबाच्या, कार्डावरील प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसेही द्यावे लागत नाहीत. आमच्या कार्डावर सासूबाई आणि यजमान अशी दोनच नावे होती. घरात जेवणारी माणसे पाच आणि धान्य १० किलो, त्यामुळे उरलेले धान्य लक्ष्मीपुरीच्या बाजारातून विकत आणावे लागे आणि ते पैसे मुलांच्या दूध-अंड्यांतून कमी होत. माझे आणि दोन्ही मुलांचे नाव कार्डावर चढवणे हा त्यावरचा सरळ उपाय होता.

मुलांचे जन्मदाखले आणि आधार यांना काहीच अडचण आली नाही. पाच वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पालकांपैकी एकाच्या आधारावरच त्यांचे आधार निघते, त्यामुळे मूल लहान आहे म्हणून ते काम पुढे ढकलू नये.

खरी अडवणूक माझ्या नावावर झाली आणि तिची चीड अजून मनातून गेलेली नाही. लग्न झाल्यावर माझ्या वडिलांनी माहेरच्या तालुक्याच्या पुरवठा शाखेतून माझे नाव कमी केल्याचा दाखला रीतसर काढून आणला होता. त्यावर सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक होता. तो जोडून, इथल्या पुरवठा कार्यालयाच्या खिडकीवर सांगितल्याप्रमाणे तिघांचा एकच अर्ज आम्ही दिला. बरेच दिवस काहीच न कळल्यामुळे चौकशी केली, तेव्हा संगणकावर माझा आधार क्रमांक दुसऱ्या कार्डाला जोडलेला दिसतो, म्हणून अर्ज पुढे जात नाही, असे सांगण्यात आले. माहेरच्या कार्यालयाने कागदावर माझे नाव कापले होते, परंतु ऑनलाइन यादीत ते तसेच राहिले होते. एका माणसाचे आधार दोन कार्डांवर चालत नाही हा नियम योग्यच आहे, मात्र ज्यांनी नाव कमी केल्याचे सही-शिक्क्यानिशी लिहून दिले, त्यांनीच ते यादीतून काढले नव्हते.

त्यानंतर दोन कार्यालयांच्या मध्ये आम्ही अडकलो. इथे सांगत, ‘तिकडून नाव काढून आणा, आमच्या लॉगिनमधून ते निघत नाही.’ तिकडे वडील गेले की त्यांना उत्तर मिळे, ‘आम्ही दाखला दिला आहे, आमचे काम संपले.’ कधी ऑपरेटर रजेवर, कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला. माहेरचे कार्ड केशरी असले तरी धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत नव्हते, त्यामुळे माझ्या नावाचे ५ किलो ना माहेरी मिळत होते ना सासरी. लग्न होऊन गाव बदललेल्या किती बायकांची नावे अशी मधल्यामध्ये लोंबकळत असतील, या विचाराने मला फार संताप येई. शिवाय अर्ज एकत्र असल्यामुळे माझ्यासोबत मुलांची नावेही अडली, वास्तविक त्यांच्या कागदपत्रांत एकही उणीव नव्हती.

तोंडी बोलण्याने काही हलत नाही, हे लक्षात आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. इथल्या अधिकाऱ्यांना भेटून मुलांचा अर्ज वेगळा घेण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली आणि मुलांची नावे फारसा वेळ न लागता चढली. नाव चढले तरी धान्य मिळण्यासाठी तालुक्याच्या किंवा शहराच्या इष्टांकात (धान्य मिळणाऱ्यांच्या ठरवून दिलेल्या संख्येत) जागा असावी लागते, म्हणून नाव चढल्यावर ‘धान्य चालू झाले का?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा. दुसरे म्हणजे, ‘मेरा राशन’ अ‍ॅपवर माझा आधार क्रमांक टाकून मी कोणत्या कार्डावर दिसते ते पाहिले आणि त्या पानाची प्रत काढली. (आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो, ओटीपी त्यावरच येतो.) मग माहेरच्या कार्यालयाला लेखी अर्ज दिला. त्यात वडिलांच्या कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक, दाखल्याचा जावक क्रमांक व तारीख आणि ‘ऑनलाइन यादीतून नाव कमी करावे’ ही एकच मागणी लिहिली. खाली, मुदतीत काम न झाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रथम अपील करीन, असेही नम्रपणे नमूद केले आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घेतली. अपील करावे लागले नाही. त्याच आठवड्यात यादीतून नाव निघाले आणि पुढे आमच्या कार्डावर माझे नावही आले. ज्या दिवशी रेशन दुकानातल्या पॉस मशीनच्या (अंगठा लावून धान्य देण्याच्या यंत्राच्या) पावतीवर २५ किलो छापून आले, त्या दिवशी मला मनापासून अभिमान वाटला.

ही पावती प्रत्येक वेळी मागून घ्यावी. किती धान्य देय आहे आणि किती दिले ते तिच्यावर असते. तक्रार करायची झाल्यास १९६७ हा क्रमांक आहे. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसत, त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून आमच्या गल्लीत अनेकजणी निवडून टाकत असत. ते लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले पोषक दाणे असतात, साधारण शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळलेले. असे दाणे आढळले तर लहान मुलांच्या घरात ते मुळीच टाकू नयेत.

धान्याचे पैसे वाचू लागल्यापासून ते मी नाचणी, कडधान्य आणि अंडी यांवर खर्च करते. राधानगरी, गगनबावडा, आजरा या भागांतली नाचणी इथे सहज मिळते. तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि गूळ घातलेली तिची आंबील मुले आवडीने पितात. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. त्याच कारणासाठी मुलांना जेवणाबरोबर चहा देऊ नये. भाजी मी कपिलतीर्थ मंडईतून आणते.

बाहेर खाणे आम्ही बंद केलेले नाही. रंकाळ्यावर गेलो की मुलांना भाजलेले कणीस किंवा शेंगा घेऊन देतो. मिसळीला गेलो तर कट वेगळा मागून मुलांच्या ताटलीत नुसती उसळ आणि घरून नेलेले दही घालतो. मिसळ हा मुळात मोडाच्या कडधान्याचा पदार्थ आहे, मुलांना तिखट सोसत नाही एवढ्यासाठी ती त्यांना वर्ज्य करायला नको.

अंगणवाडीचे सांगायचे राहिले. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम ताजा आहार. त्यासाठी रेशन कार्डाची वाट पाहण्याची गरज नसते. भागातल्या सेविकांकडे मुलाचे नाव नोंदवावे. आणि बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या बायकांसाठी एक महत्त्वाचे: एकदा सासरच्या कार्डावर नाव चढले आणि आधार जोडले गेले की ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेमुळे आपल्या वाट्याचे धान्य माहेरच्या गावातल्या रास्त भाव दुकानातूनही अंगठा लावून उचलता येते, तेवढ्यासाठी नाव इकडून तिकडे हलवायला लागत नाही.