मानेवरचा मळ

स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन ती आईबरोबर आली. वय २४, वजन ७८ किलो, उंची पाच फूट एक इंच. पाळी तीन-तीन महिने गायब, हनुवटीवर राठ केस. चिठ्ठीत ‘पीसीओएस’, म्हणजे अंडाशयाचा संप्रेरकांच्या गडबडीचा आजार. बोलत होती ती आईच.

“मॅडम, सोमवार करते, गुरुवार करते, चतुर्थी वेगळी. तरी अंग उतरत नाही. आणि ही मान बघा, किती उटणं लावून घासायचं!”

आईनेच ओढणी बाजूला केली. मानेच्या घड्यांतली कातडी जाडसर, काळपट, घासून घासून लाल ओरखडे उठलेले. पोरगी टेबलाकडे बघत बसली होती.

तो मळ नव्हताच. रक्तात इन्शुलिन सतत चढं राहिलं की कातडी अशी होते. स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, मग स्वादुपिंड आणखी सोडतं. गंमत अशी की अंडाशय मात्र त्याला दाद देत राहतं आणि पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतं. यकृत त्यांना बांधून ठेवणारं प्रथिनही कमी करतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते.

उपवासाला काय खातेस, म्हणून विचारलं. सकाळी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा चिवडा, चारला शिकरण, मध्ये दोनदा गोड चहा. रात्री उपवास सोडायला वरणभात आणि शिरा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाच.

उपवास बंद कर असं मी कधीच सांगत नाही. तसं सांगितलं की पेशंट दुसऱ्यांदा फिरकत नाही. खिचडीऐवजी वाटीभर भगर, दाण्याची आमटी, वाटीभर घट्ट दही. एरवी ज्वारीची भाकरी, भात निम्मा, रोज उसळ किंवा अंडं. जेवल्यावर चालणं. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते, म्हणजे हिचे चार ते आठ किलो.

“म्हणजे घासायचं नाही?” पोरीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“अजिबात नाही.”

आई उठताना पदर सारखा करत होती, तेव्हा तिची मान दिसली. तीच कातडी, तसाच रंग. मी दुसऱ्या कागदावर तिच्या नावाने उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, लिहून दिलं.

“माझी कशाला? माझी मान लग्नाच्या आधीपासून अशीच आहे!”

दोघी पुढच्या वेळी आल्या तेव्हा पोरीचं वजन साडेतीन किलोंनी उतरलं होतं. आईचं एचबीएवनसी ७.८ होतं, म्हणजे मधुमेह.