१६.१ सेंटिमीटर

(माजी विद्यार्थी, बारावी विज्ञान, २००८)

आमच्या वेळी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सचं प्रॅक्टिकल खरोखर होत असे. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहितोय. आमच्या कंपनीत दरवर्षी नवी मुलं रुजू होतात. बारावीला कुठले प्रयोग केलेत असं विचारलं, की त्यातले बरेच जण सांगतात, "सर, जर्नल कम्प्लीट होतं." जर्नल पूर्ण असणं वेगळं आणि प्रयोग केलेला असणं वेगळं, हे आम्हाला सोळाव्या वर्षीच कळलं, ते आपल्या फिजिक्सच्या सरांमुळे. त्यांचं नाव इथे लिहायची गरज नाही, त्या प्रयोगशाळेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे.

सरांचा नियम एकच होता. रीडिंग दिसेल तेच लिहायचं, रफ जर्नलमध्ये आणि पेनानं. आकडा बदलायचाच असेल तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

ध्वनीचा वेग मोजायचा रेझोनन्स ट्यूबचा प्रयोग मला अजून जसाच्या तसा आठवतो. उंच जारमध्ये पाणी, त्यात दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी. ५१२ हर्ट्झचा नादकाटा रबरी पॅडवर आपटायचा, नळीच्या तोंडावर धरायचा आणि नळी हळूहळू वर उचलत जायची. आवाज नीट ऐकू यावा म्हणून लॅबचे मामा तेवढ्यापुरते पंखे बंद करायचे. एका जागी नळी एकदम घुमते. इतका वेळ जेमतेम ऐकू येणारा सूर भरून येतो, शेजारच्या टेबलावरची मुलंही मान वळवून बघतात. नळीचा पाण्याबाहेरचा भाग मोजला, तो भरला १६.१ सेंटिमीटर. हवेचं कंपन नळीच्या तोंडाच्या किंचित बाहेरपर्यंत पोचतं, म्हणून त्यात व्यासाच्या ०.३ पट मिळवायचे. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर, म्हणजे ०.९. झाले १७. ही लांबी तरंगलांबीच्या पाव भाग असते, म्हणून त्याला ५१२ नं आणि ४ नं गुणलं, लॉग टेबल उघडलं आणि ध्वनीचा वेग आला सेकंदाला ३४८ मीटर.

पुस्तकात होते ३३२.

आमच्या बॅचमध्ये कुजबुज सुरू झाली. १६.१ च्या जागी १५.३ लिहिलं की उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळत होतं. हा हिशोब उलट्या बाजूनं करायला कुणाला शिकवावं लागत नाही. सर मागे उभे होते. ते रागावले नाहीत. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट करून म्हणाले, "तिथे किती दिसतंय?" २८ अंश. "आणि पुस्तकातला आकडा किती अंशांचा आहे?" आम्ही पुस्तक उघडलं. शून्य अंशाचा. तापमान एका अंशानं वाढलं की वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. २८ अंशांचे झाले १७, आणि ३३२ अधिक १७ म्हणजे ३४९. पाण्याच्या जारमधली साधी नळी आमच्या खोलीतल्या हवेबद्दल खरं तेच सांगत होती.

त्याच तासाला सरांनी न्यूटनचा आकडा फळ्यावर लिहिला, २८०. खुद्द न्यूटनच्या सूत्रातून शून्य अंशाला एवढाच वेग निघतो, प्रत्यक्षापेक्षा पन्नासेक मीटर कमी. ध्वनिलहरीत हवा दाबली जाते ती इतक्या झपाट्यानं, की तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आणि न्यूटननं हे हिशोबात धरलं नव्हतं. लाप्लासनं ही दुरुस्ती मांडली १८१६ मध्ये, न्यूटनच्या ग्रंथानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. तेवढी वर्षं सूत्र आणि रीडिंग जुळत नव्हते, आणि अखेर माघार घ्यावी लागली ती सूत्राला.

अकरावीत २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्तानं, आम्ही एसटीनं नारायणगावजवळच्या खोडदला गेलो. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि त्या तारेच्या जाळीच्या, म्हणजे वारा आरपार जातो. दुर्बीण किती बारीक तपशील वेगळा ओळखू शकते ते सांगणारं सूत्र म्हणजे १.२२ लॅम्डा भागिले डी; लॅम्डा ही तरंगलांबी, डी हा डिशचा व्यास. तिथेच एका बांधावर बसून सरांनी ते आमच्याकडून करून घेतलं. हायड्रोजनकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची तरंगलांबी २१ सेंटिमीटर. एकट्या डिशनं आकाशातल्या दोन जागा वेगळ्या ओळखायच्या तर त्यांच्यात अंशाचा तिसरा हिस्सा तरी अंतर लागतं. पूर्ण चंद्र दिसतो अर्धा अंश, म्हणजे एवढी प्रचंड डिशही त्यावर फारसं काही वेगळं ओळखू शकत नाही. मग डीच्या जागी २५ किलोमीटर घाला, कारण डिश तेवढ्या अंतरापर्यंत पसरल्या आहेत आणि त्यांचे सिग्नल एकत्र जोडले जातात. उत्तर आलं अंशाच्या ३६०० भागांपैकी जेमतेम दोन भाग. परीक्षेत दोन मार्कांना येणारं सूत्र आमच्या तालुक्याच्या शिवारात असं अंथरलेलं बघून मी हरखून गेलो होतो. आजही पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना मला तो बांध आठवतो.

बारावीनंतर मी इंजिनिअरिंग केलं आणि आता चाकणला मोजमापाच्या लॅबमध्ये काम करतो. ती खोली कायम २० अंशांवर ठेवलेली असते. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला तर मिलिमीटरच्या शतांशाहून थोडा जास्त वाढतो. आपल्या स्क्रू गेजचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, साधारण तेवढंच, ०.०१ मिलिमीटर. पार्ट रिजेक्ट होणार असं दिसलं की आकडा जरा सरकवून घ्या म्हणणारे भेटतात. मी आधी थर्मामीटर बघतो आणि दिसलेलं रीडिंग लिहितो.

कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून इमारत रंगवायचं ठरतंय असं ऐकलं. ती जरूर रंगवावी. पण प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी प्रॅक्टिकलचे तास कमी करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. लॅबमधले सगळे व्हर्निअर आणि स्क्रू गेज तपासून, झिरो एररची, म्हणजे शून्यावर असताना उपकरण किती चुकतं त्याची, चिठ्ठी लावून द्यायला मी आणि माझे दोन सहकारी तयार आहोत. प्राचार्यांनी दिवाळीच्या सुट्टीतला एखादा दिवस कळवावा, तपासणीसाठी लागणारे अचूक मापाचे मास्टर गेज आम्ही घेऊन येऊ.