रापणीत काय आलं?

आज पहाटे मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढायला मीही हात लावला. वीसेक माणसं, तासाभराची ओढाताण, आणि जाळ्यात बोटाएवढे पेडवे, चार खेकडे, एक प्लॅस्टिकची चप्पल. बांगडा औषधालाही नाही.

"रातभर भायर लायटी जळतत, मगे हय काय गावतला?" शेजारचे काका म्हणाले.

एलईडीच्या झगझगाटावर अख्खा थवा गोळा करायचा, पर्ससीन जाळ्यानं वेढायचा, खालचा दोर आवळला की पिशवी बंद. अंडी घालायला निघालेली मादी असो की पिल्लं, कुणी सुटत नाही. २०१७ साली केंद्रानं एलईडी मासेमारीवर बंदी घातली. कागदावर. रात्री धक्क्यावर उभं राहा, क्षितिजावर गाव वसल्यासारखं दिसतं.

चप्पल डाव्या पायाची होती, बऱ्या अवस्थेतली. काकांनी झटकून होडीत ठेवली.