तुम्ही विचारलंत म्हणून: वॉर्डातला उमेदवार ओळखायचा कसा?

"उमेदवार कोण हेच माहीत नसतं, मग मतदानाला जाऊन करायचं काय?" बेळगावातल्या शहापूर-वडगावपासून खानापूर, निपाणीपर्यंत हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं उमेदवाराची एकच ओळख पुरेशी मानली गेली, मराठी की कन्नड. २०२१ साली बेळगाव महापालिकेच्या ५८ वॉर्डांत पक्षचिन्हांवर लढत झाली आणि भाषेच्या जागी चिन्ह आलं. माणूस झाकलेलाच राहिला.

माहिती असते, पण ती मिळवायला दिवस फार थोडे मिळतात. त्या निवडणुकीत माघारीची मुदत २६ ऑगस्टला संपली आणि ३ सप्टेंबरला मतदान झालं. म्हणून तयारी आधीच हवी. सगळ्यात आधी आपला वॉर्ड पक्का करा. ओळखपत्रावर वॉर्ड क्रमांक नसतो, आणि वॉर्डांच्या पुनर्रचनेत एकाच गल्लीचे दोन तुकडे होऊ शकतात. मतदारांची प्रारूप (कच्ची) यादी लागते तेव्हाच नाव बघा.

मग प्रतिज्ञापत्र. महापालिकेच्या उमेदवाराला अर्जासोबत खटले, स्वतःची आणि जोडीदाराची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहून द्यावं लागतं. विधानसभेची प्रतिज्ञापत्रं घरबसल्या मिळतात, वॉर्डाची तशी सापडली नाहीत तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा. तिथे पानापानाचा फोटो घ्या. मजकूर बहुधा कन्नडमध्ये असतो: आस्ती म्हणजे मालमत्ता, साल म्हणजे कर्ज. फोनवरचं भाषांतर छापील अक्षराला चालतं, हाताने भरलेल्या रकान्यांवर अडतं. तिथे कन्नड वाचणारं कुणी सोबत हवंच.

खटल्यांचा रकाना वाचताना नुसता आकडा मोजू नका, कलम बघा. कर्नाटकाच्या स्थापना दिनी, १ नोव्हेंबरला, मराठी भाषक निषेध म्हणून काढतात त्या काळ्या दिनाच्या फेरीसारख्या आंदोलनांतून इथल्या कार्यकर्त्यांवर बेकायदा जमावाचे गुन्हे दाखल होत आले आहेत. जुन्या दंडसंहितेत ते कलम १४३ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत १८९ आहे. फसवणुकीचं जुनं कलम ४२०, आताचं ३१८. मोर्चात चाललेला आणि लोकांचे पैसे बुडवणारा, दोघांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

मालमत्तेच्या रकान्यात जोडीदाराच्या नावासमोर 'निरंक' असेल आणि गावाला त्याच नावावरचा प्लॉट ठाऊक असेल, तर ती गोष्ट किरकोळ समजू नका. म्हैसूरच्या एका माजी महापौरांची निवड मालमत्तेच्या खोट्या माहितीमुळे रद्द झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

उमेदवार आधी निवडून आलेला असेल, तर खरी माहिती त्याच्या पाच वर्षांच्या कागदांत असते. ती माहिती अधिकाराखाली मागा. शुल्क १० रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांच्या आत लागतो. भाषा कन्नड, इंग्रजी किंवा हिंदी. कायद्यात मराठीची सोय नाही, त्यामुळे मराठी अर्जावर विसंबू नका. उत्तराची मुदत ३० दिवस, अपील करावं लागलं तर आणखी वेळ, तेव्हा निदान तीन महिने आधी अर्ज द्या.

बहुतेक अर्ज फसतात ते प्रश्नामुळे. "आमच्या नगरसेवकाने काय केलं?" याला कार्यालय उत्तर देत नाही, कारण तसा कागदच नसतो. असलेला कागद मागा: सर्वसाधारण सभांचं हजेरीपत्रक, किंवा अमुक वॉर्डातल्या कामांची यादी, ठेकेदाराचं नाव आणि दिलेल्या बिलाच्या रकमेसह. विषय दोन असतील तर अर्जही दोन.

ग्रामपंचायतीत पक्षचिन्ह नसतं आणि माणूस ओळखीचा असतो, कारभार मात्र ओळखीचा नसतो. तिथे हेच कागद पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) मागायचे, सोबत ग्रामसभेचं इतिवृत्त. ठेकेदारांची नावं आणि सदस्यांचे नातेवाईक शेजारी शेजारी ठेवून पाहा. पंचायतीच्या कामात सदस्याचा आर्थिक हितसंबंध निघाला तर तो अपात्र ठरू शकतो.

नव्या उमेदवाराचे असे कागद नसतात. तो दारात आला की विचारा: सभेची विषयपत्रिका कन्नडमध्ये येते, ती तुम्हाला कोण वाचून दाखवणार, आणि सभेच्या किती दिवस आधी?