पडद्यावरची बालवाडी: अर्धा तास नेमका कुणासाठी?

जुलै २०२०मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्वप्राथमिकसाठी त्यात दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं होती, आणि तीही पालकांशी बोलण्यासाठी, त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. बऱ्याच ठिकाणी ही ओळ अर्धीच वाचली गेली. अर्धा तास राहिला, पालक गळाले, आणि तीन वर्षांचं पोर मोबाइलच्या पडद्यावर पंचवीस चौकोनांत आपलं तोंड शोधत बसलं. कोविडची साथ गेली, पण ही सवय काही ठिकाणी टिकून आहे. म्हणून आधीच सांगते: पडद्यावरची बालवाडी पालकाला शिकवत असेल तर चालते. मुलाला एकट्याला समोर बसवायचं असेल, तर तो नुसता व्हिडिओ झाला.

कारण बाळं व्हिडिओवरून फारच कमी शिकतात. २००३ साली अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, साधारण २५-२५ मिनिटांच्या १२ बैठकांत. समोर माणूस बसलेला होता त्या बाळांना चिनीतले बारीक ध्वनिभेद कळू लागले. तीच माणसं डीव्हीडीवर पाहिलेल्या बाळांच्या पदरी काही पडलं नाही. २०१४च्या दुसऱ्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं मात्र व्हिडिओ कॉलवर नवी क्रियापदं शिकली, कारण पलीकडचा माणूस त्यांच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देत होता. दुसऱ्या कुणाशी झालेला तसाच कॉल रेकॉर्ड करून दाखवला तेव्हा ती शिकली नाहीत. म्हणजे खरं काम प्रतिसादाचं आहे. पंचवीस मुलांना एक ताई असा प्रतिसाद देऊ शकत नाही; चार-पाच मुलांना देऊ शकते.

चार-पाच मुलांच्या गटाला वीस मिनिटं पुरतात. पहिली तीन-चार मिनिटं प्रत्येकाचं नाव घेऊन हाक, आणि उत्तरासाठी मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबणं. इथेच आई-बाबा घाई करतात. मागून ‘सांग ना बाळा, ताईंना सांग’ सुरू झालं की मूल गप्प होतं. मग ताई एक वस्तू दाखवते, घराघरातून तीच वस्तू आणायची असते, समजा कपड्यांचा चिमटा. त्यानंतर दहा मिनिटं फोन बाजूला आणि हात कामाला. ताई अधूनमधून बोलते ती पालकाशी: ‘चिमटा त्याला दाबू दे, तुम्ही नका दाबू.’ शेवटी मुलाने काय केलं ते एका वाक्यात सांगायचं आणि फोन बंद.

सामान विकत आणायचं नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे, डबे आणि त्यांची झाकणं, पाणी एका वाटीतून दुसरीत न्यायला स्पंज, भिजवलेली कणीक. वाटीभर कणकेला पाव वाटीहून थोडं जास्त पाणी आणि चमचाभर तेल, म्हणजे हाताला चिकटत नाही. मूल तीन वर्षांखालचं असेल तर राजमा, चणे, मणी नकोत. साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती घशात अडकू शकते.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचा हट्ट धरू नका. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचतो, ताल मोडतो आणि मुलं कंटाळतात. ताईने गावं, बाकीच्यांनी म्यूट ठेवून घरात नाचावं. कॉलचं ॲप टाळी आणि खंजिरीला गोंगाट समजून गाळून टाकतं. झूमवर त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय आहे, तो ताईने चालू करावा. मूल सारखं स्वतःलाच बघतं, म्हणून आपली खिडकी लपवून ठेवा. फोन चौरंगावर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. हातात दिलात तर बोट लाल बटणावर गेलंच म्हणून समजा.

काही गोष्टी मात्र यात होणारच नाहीत. एकाच घसरगुंडीसाठी रांग, हिसकाहिसकी, रडून झाल्यावर पुन्हा गट्टी. बालवाडीचा अर्धा अभ्यास हाच असतो, आणि तो इमारतीच्या आवारात किंवा शेजारच्या घरीच होतो. आई-बाबा दोघंही त्या वेळी कामावर असतील आणि सांभाळणाऱ्या मावशींच्या हाती फोन द्यायचा असेल, तर वर्गाचे पैसे वाचवा. दोन वर्षांखालच्या मुलाला तर यात घालूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला एक तासाच्या आत हवा, आणि कमी असेल तेवढं बरं.

परदेशातल्या मराठी घरांना याहून स्वस्त सोय आहे: आजी. एकाच चित्रपुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक तिच्याकडे, एक मुलाकडे. आजीने पान वाचायचं नाही, ‘मांजर कुठे लपलंय?’ असं विचारायचं आणि थांबायचं. मूल आपल्या पुस्तकात बोट ठेवतं, आई ते पान कॅमेऱ्यापुढे धरते. रोजची दहा मिनिटं, रोज तीच वेळ. न्यू जर्सीतले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की आजीकडे साडेसात वाजतात, आणि मार्चपर्यंत तसंच. तेव्हा जेवणाची वेळ आधीच बोलून ठेवा.