हिरव्या फितीखालची भोकं

ग्लासगोत जुने लष्करी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे चुण्यांचे लोकरी घागरे, दुरुस्तीला येतात ते बहुतेक कसर लागलेले, नाहीतर पट्टे तुटलेले. हा मात्र सजून आला. आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंटचा, मागे बॉक्स प्लीट, म्हणजे दोन्ही बाजूंना दुमडलेल्या रुंद चुण्या, आणि पुढच्या ॲप्रनच्या उजव्या कडेशी दोन हिरवी रोझेट, म्हणजे फितीची गोल फुलं. ॲप्रन म्हणजे किल्टचा पुढचा बिनचुण्यांचा भाग; असे दोन एकावर एक येतात. पॉलिएस्टर सॅटिनची, ग्लू गनने चिकटवलेली. वरून इस्त्री फिरवल्यामुळे गोंद लोकरीत मुरलेला. त्यावर कळस म्हणजे चार टाके दोन्ही ॲप्रनमधून आरपार. किल्टची पिनसुद्धा फक्त वरच्या थरातून जाते. दोन थर बांधले की पहिल्याच लांब पावलाला टाक्याभोवतीचं कापड फाटतं. जुन्या वस्तूंचे दुकानदार असले उद्योग करतात आणि वर त्याला ‘रिस्टोअर्ड’ म्हणतात.

गोंद ओढून काढू नये, ट्विलचे, म्हणजे किल्टच्या तिरप्या विणीच्या कापडाचे, धागे सोबत येतात. किल्ट पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवला, गोंद ठिसूळ झाल्यावर बोथट पातीने उचलला. उरलेल्याला कडेकडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्याआधी आतल्या बाजूला रंग सुटतो का ते पाहून.

रोझेट निघाली तेव्हा खाली गोल खूण नव्हतीच. सुईच्या भोकांच्या दोन ओळी वरून खाली गेलेल्या आणि त्यांच्यामधलं टार्टन, म्हणजे किल्टचं चौकड्यांचं कापड, आजूबाजूपेक्षा गडद, न विटलेलं. म्हणजे तिथे कित्येक वर्षं उभी पट्टी होती. या रेजिमेंटमध्ये अधिकारी आणि सार्जंट ॲप्रनवर हिरवं रेशीम लावत, त्यामुळे पट्टीत नवल नाही. घोळ अस्तरात होता. तिथे सरकारी मालाचा बाणाचा शिक्का. अधिकारी आपले किल्ट शिंप्याकडून पदरमोड करून शिवून घेत, त्यावर असा शिक्का नसतो. किल्ट घेऊन आलेल्या घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तो घालणारे त्यांचे आजोबा अधिकारी होते. शिक्का दाखवला, भोकं दाखवली. उत्तर आलं: रोझेटच हवीत, फोटोत तशीच आहेत. फोटो इंटरनेटवरचा, बहुधा भलत्याच रेजिमेंटचा.

मग निदान नीट बनवावीत. 25 मिमी रुंदीची आडव्या धारींची रेशमी फीत, एका रोझेटला साधारण 60 सेंमी, शेपट्यांना वेगळी. पाच-सहा मिमीच्या चुण्या एकाच दिशेने, आतली कड दोऱ्यात ओवून ओढायची. चुण्या बोटांनीच दाबायच्या, पाण्याचा थेंब पडला की रेशमावर डाग राहतो. मागे बकरमची, म्हणजे ताठ कापडाची, चकती, मध्ये त्याच फितीने मढवलेलं बटण. शेपटीचं टोक कापण्याआधी कडेला पातळ खळ. पॉलिएस्टरची कड मेणबत्तीवर वितळवून बंद करता येते, रेशीम नुसतं जळतं. दोरा रेशमाचाच, पॉलिएस्टरचा दोरा फितीला कापत जातो. टाके फक्त वरच्या ॲप्रनला, मागे लोकरीचा छोटा तुकडा ठेवून, आणि ड्रायक्लीनिंगआधी कात्रीने सहज उसवतील इतके सैल. उभ्या खुणेला हात लावलेला नाही. तिची मापं कागदावर लिहून किल्टसोबत दिली आहेत.

शिपाई बढती मिळून सार्जंट झाला आणि त्याने जुन्याच किल्टवर पट्टी चढवली, असं मानलं तर शिक्का आणि पट्टी दोन्ही जुळतात. फक्त त्या दोन ओळी समांतर नाहीत, खालच्या टोकाला बोटभर फाकल्या आहेत, आणि टाके हातचे, लहानमोठे. रेजिमेंटच्या शिंप्याने अशी शिलाई बाहेर जाऊ दिली असती, हे मला पटत नाही.